नऊ तारखेचा धूर

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंय. नऊ तारखेला कुरणवाडीच्या माळावर स्वयंपाक चालू नव्हता.

तुमचं नाव मला ठाऊक नाही. कागदाखाली सही आहे ती कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखी, आणि तिच्यावर गोल शिक्का. त्या कागदात एक ओळ आहे. ती मी शेवटी वाचून दाखवणार आहे. आधी सहा तारखेपासून ऐका, कारण तुमचा कागद नऊ तारखेला सुरू होतो आणि आमचं मरण सहा तारखेला सुरू झालं.

सहा तारखेला उजाडलं आणि आम्ही माळावरून खाली बघितलं, तर गाव नव्हतं. पाण्याच्या टाकीचं डोकं होतं, मारुतीचा कळस होता, बाकी सगळं तांबडं पाणी. पहाटे नदी दारात आली तेव्हा ज्याच्या हाताला जे लागलं ते घेऊन आम्ही वर पळालो होतो. कुणी म्हैस सोडून आणली, कुणी टीव्ही. माझी शेजारीण गौराक्का, तिनं सगळं घर टाकून पितळेची घागर आणली होती, आणि तीही रिकामी. माझा नवरा इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला होता, तो तिकडंच अडकला. माळावर आम्ही चौसष्ट माणसं. वरून पाऊस, असा की बोलायला तोंड उघडलं तर गिळावा लागेल.

माळावर छपरं दोनच. एक बिरोबाचं देऊळ, त्याच्यापुढं पत्र्याचा मंडप. वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून वर जुनी टायरं टाकलेली. आणि शंभर पावलांवर दुसरं छप्पर, सरणाच्या लाकडांची शेड. मागच्या एका पुरात नदीकाठचं स्मशान वाहून गेलं, तेव्हापासून गावाची मढी माळावरच जळायची.

खायला नव्हतं असं नाही. जिन्नाप्पा चौगुल्यानं ट्रॅक्टरवर घालून तांदळाची दोन पोती आणि डाळीचं एक वर आणलं होतं. देवळात जत्रेची पातेली होती, तेल-मीठ होतं. नव्हतं ते जळण. माळावरची बाभळ ओली, गवत ओलं, शेणकुटं खाली पाण्यात. कोरडं लाकूड साऱ्या माळावर एकाच ठिकाणी होतं आणि त्याच्या दारात यल्लाप्पा तात्या काठी घेऊन बसला होता.

तात्या सत्तरी ओलांडलेला माणूस. जन्म वखारीत लाकडं फोडण्यात गेला. ना मूल ना बाळ. पुराच्या वीस वर्षं आधी त्याची बायको भर श्रावणात गेली. लाकडं ओली, सरण पेटेना. रॉकेल ओतून झालं, साखर टाकून झाली. शेवटी लोकांनी कुठनं तरी तीन टायरं आणली आणि तिच्या अंगावर टाकली. तात्या एवढंच म्हणायचा, "जन्मभर गोरी हुती. जाताना काळी हून गेली."

तेराव्यानंतर तात्या घरोघर फिरला. पाटलाच्या वाड्यावर गेला, नदाफांच्या गल्लीत गेला, आमच्या वस्तीत आला. प्रत्येकाला एकच सांगितलं: उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, घरटी एक कोरडं लाकूड द्यायचं. मरणाला जात नसती, ओल्या लाकडालाबी नसती. लोकांनी आधी हसण्यावारी नेलं, मग द्यायला लागले. नदाफांच्यात तर जाळतही नाहीत, पण त्यांचंही लाकूड यायचं. शेड उभी राहिली. कुठलं ओंडकं कुणाच्या घरचं, ते तात्याला बाळाच्या तोंडासारखं ओळखू यायचं. वीस वर्षांत कुरणवाडीचं एकही माणूस टायरानं जळालं नाही.

आता त्या शेडच्या दारात मी उभी राहिले आणि म्हटलं, तात्या, जळण पाहिजे.

तात्यानं नुसती काठी आडवी धरली.

जिन्नाप्पा आला. एकट्या त्याच्या मोबाइलमध्ये जीव होता. त्यानं फोन लावला होता आणि तिकडून उत्तर आलं होतं की दोन तासांत बोट येते. तात्या म्हणाला, मग दोन तास दम धरा की. आम्ही धरला. दोन तासांचे चार झाले. पुन्हा फोन. पुन्हा दोन तास. पोरं रडून रडून थकली आणि गप झाली. पोर गप झालं की ती भूक खरी.

मागून गौराक्का वेगळंच चालवत होती. स्मशानातल्या लाकडावर शिजलेला भात ती खाणार नव्हती, मेली तरी खाणार नव्हती.

तात्या म्हणाला, "मेलीस तर लाकूड तुलाच लागंल. म्हणूनच राखतोय."

लोक हसले. त्या पावसात ते पहिलं हसणं. पण काठी काही हलली नाही.

मग मी बोलायचं सोडून दिलं. मंडपात गेले आणि नदाफांच्या सुनेला, आस्माला, हाताला धरून घेऊन आले. चार दिवसांची बाळंतीण. दातावर दात आपटत होते, पदराखाली लेकरू होतं, त्याचे ओठ जांभळे. मी तिला तात्यापुढं उभी केली आणि बाजूला झाले.

तात्यानं लेकराच्या तळपायाला बोट लावलं. बराच वेळ बोट तिथंच ठेवलं. मग काठी बाजूला टाकली.

"बाळंतिणीचा शेक आन् मढ्याचं सरण," तो म्हणाला, "दोन्हीला कोरडंच लागतं. मढं थांबतंय. ही न्हाई थांबायची."

आणि स्वतः आत जाऊन पहिलं लाकूड त्यानंच काढून दिलं. देताना म्हणाला, हे सुताराचं, बाभळीचं. कुणाचं जळतंय ते कळायला पाहिजे. त्यानंतर जे जे लाकूड त्यानं काढलं, त्याचं घर सांगितल्याशिवाय माझ्या हातात दिलं नाही.

साहेब, आता मी जे सांगते ते नीट ऐका, कारण मला तेच खातंय.

मला चूल पेटवायला आवडतं. लग्नाकार्यात चुलवणावर पाचशे-हजारांचा स्वयंपाक करायचा हा माझा धंदा. चुलवण म्हणजे जमिनीत खणलेली लांब चर, तिच्यावर ओळीनं पातेली. पंचक्रोशीत माझं, केराबाईचं, नाव होतं. लोक म्हणायचे, केराची चूल धुपत नाही. धूर हा आळशी बाईचा. जाळ नीट मांडला, वाऱ्याला वाट दिली, तर लाकूड खोकत नाही, बोलतं. घरात गॅस आला तरी मी परड्यात तीन दगड ठेवलेच होते.

त्या दिवशी मंडपाच्या कडेला खोऱ्यानं चर मारली, तोंड वाऱ्याकडं केलं. खाली चिखल होता, म्हणून देवळातल्या फुटक्या कौलांचा थर दिला. काडेपेट्या सगळ्या भिजून लगदा झालेल्या. पण बिरोबापुढं दिवा जळत होता. देवळातल्या नारळांच्या शेंड्या सोलून घेतल्या, त्यांचा काथ्या पिंजला, वर करवंट्या, वर सुताराच्या बाभळीच्या ढलप्या, आणि ढलप्यांवर तीन लाकडं अशी टेकवली की एकमेकांना नुसती शिवावीत. दिव्यावरून वात पेटवून आणली. पदराच्या आडोशानं.  सगळे माझ्या हाताकडं बघत होते.

काथ्यानं वात घेतली. तांबडं एक टिंब, मग त्याची रेघ. मी खाली वाकले, गाल जमिनीला टेकवला आणि फुंकर घातली. जोरात घालायची नसते, पोराच्या डोळ्यातलं कुसळ काढताना घालतात तशी. करवंटीनं पेट घेतला, तिच्यातलं तेल चुरचुरलं, ढलप्या तडतडल्या. घटकाभर पांढरा धूर निघाला आणि मग तो आपोआप आत ओढला गेला. जाळ उभा राहिला. पिवळा, स्वच्छ, हातभर उंच.

चौसष्ट माणसं एकदम पुढं सरकली. गाव गेलेली माणसं, साहेब. पण त्या जाळापुढं बसल्यावर त्यांची तोंडं दिवाळीतल्यासारखी दिसायला लागली. आस्माला मी सगळ्यांत जवळ बसवलं. लेकराचे ओठ तासाभरात तांबडे झाले. मोठ्या पातेल्यात डाळ-तांदूळ एकत्रच टाकले. पहिला घास जाळाला दिला, मग पोरांना, मग बायांना, मग बाप्यांना. जिन्नाप्पा जैन माणूस, तो दर वेळेला येऊन बघून जायचा की कांदा-लसूण टाकला नाही ना. कांदा होता कुठं? मी म्हटलं, दादा, तुमच्या धर्मानं सगळं गावच आज जेवतंय.

गौराक्का संध्याकाळपर्यंत तोंड फिरवून बसली होती. मग उठून आली आणि माझ्यापुढं ती पितळेची घागर धरली. ताटं नव्हतीच. घागरीत भात घेऊन, हात कोपरापर्यंत आत घालून जेवली. वर म्हणाली, "मी जळणाकडं बघितलंच न्हाई. भात तेवढा बघितला."

मी सुखी होते. हेच ते. गावात माझं घर पडत होतं, नवऱ्याचा पत्ता नव्हता, आणि मी चुलवणापुढं बसून लाकडं सारत होते आणि मनात म्हणत होते की असा जाळ आपण आजवर कधी लावला नाही.

सात तारखेला पाऊस जरा ओसरला. दुपारी हेलिकॉप्टर गेलं, अगदी डोक्यावरून. आम्ही लुगडी हलवली. ते गेलं. जिन्नाप्पाच्या फोनला उत्तर तेच, दोन तास. नंतर फोनही मेला.

तात्या दिवसभर माझ्याजवळ बसून होता. सहा तारखेच्या पहाटे पाण्यातून वर येताना त्यानं दोन म्हाताऱ्या पाठीवर घेऊन आणल्या होत्या, छातीपर्यंत पाण्यात. ती थंडी त्याच्या छातीत बसली होती. खोकला आतून यायचा, रिकामा डबा वाजावा तसा. शेकानं बरं वाटतंय म्हणायचा. आणि बोलत राहायचा. शेवगा जाळू नये, शेवग्याचं लाकूड म्हणजे नवऱ्याचं वचन, भडकतंय लई आणि ऊब काही न्हाई. निंबाचा धूर डोळ्याला लागत नाही पण भात कडू करतो. चिंच सगळ्यांत चांगली; उशिरा पेटते, पण पेटली की विझायचं नाव नाही, आणि धूर नसल्यात जमा.

बोलता बोलता त्यानं शेडच्या कोपऱ्याकडं बोट केलं. तिथं चिंचेची अकरा ओंडकी वेगळी रचलेली होती, वर गोणपाट. "ती तेवढी सोड. ती माझी." बायकोच्या माघारी परड्यातली चिंच पडली तेव्हा तोडून त्यानं स्वतःसाठी वाळवून ठेवली होती. "मी गेलो की त्यावर जायाचं. येक फुंकर मारायची, झालं. तूच मार. बाईनं मारू न्हाई म्हणतील, पर ह्या गावात दुसऱ्या कुणाला जाळ कळतोय?"

मी म्हटलं, तात्या, तुम्ही अजून दहा उन्हाळे लाकडं गोळा करताय.

त्या दिवशी रात्रीचं जेवण उतरवताना पातेल्याच्या बुडाला ठिणग्या चमकल्या, काजळी हसली. गौराक्का टाळी वाजवून म्हणाली, पातेलं हसलं, उद्या पाव्हणा येणार. म्हणजे बोट. सगळ्यांनी ते धरून ठेवलं.

आठ तारखेला सकाळी शेडमधली गावाची लाकडं संपली. पाऊस पुन्हा धरला. लेकरू पुन्हा थंड पडायला लागलं. मी रिकाम्या शेडमध्ये उभी होते आणि त्या गोणपाटाकडं बघत नव्हते. बघत नव्हते हेच तात्याला कळलं असणार. त्याला धड उभं राहता येत नव्हतं, भिंतीला धरून आला आणि गोणपाट ओढलं.

मी नको म्हटलं. आस्माही नको म्हणाली. बाबा, तुमचं हाय ते, असं म्हणाली.

"मी काय आज जातोय व्हय?" तात्या म्हणाला. "उन्हाळ्यात दुसरी आणीन. घे. ही यल्लाप्पाची. चिंच."

मी घेतली, साहेब. मी घ्यायला नको होती. पण मला अजून एक गोष्ट सांगायची आहे आणि ती मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेली नाही. ती चिंच हातात आल्यावर माझे हात शिवशिवले. इतकं वाळलेलं लाकूड मी जन्मात बघितलं नव्हतं. एकावर एक आपटलं की घंटेसारखं वाजत होतं. ते पेटवायची मला घाई झाली होती.

आणि ते पेटलं तसं काहीच पेटलं नाही कधी. आधी निळं, मग केशरी. धुराची एक काडी नाही. निखारे असे की तासभर लाकूड घातलं नाही तरी पातेलं रटरटत होतं. तात्या त्याच्यापुढं तळहात पसरून बसला होता आणि त्याचं तोंड उजळलं होतं. मला म्हणाला, "बघ, म्हटलं न्हवतं?"

दुपारी बोट दिसली. लांब, पाण्यावर नारिंगी ठिपका, पण आमच्याच दिशेनं. लोक मंडपाबाहेर धावले, ओरडले, पण एवढ्या लांब कोण ऐकतंय? जिन्नाप्पा पळत माझ्याकडं आला. केराबाई, जाळावर ओलं टाक, धूर कर, म्हणजे त्यांना कळंल आम्ही इथं हाय.

बरोबर वाटलं मला. कुणालाही वाटलं असतं. तात्याच्या चिंचेच्या त्या जाळावर मी ओला पाला टाकला, ओलं गवत टाकलं. जन्मात पहिल्यांदा मी माझी चूल मुद्दाम धुपवली. पांढरा, दाट धूर उठला, देवळाच्या वर गेला. तात्या खोकायला लागला. मी म्हटलं, जरा कळ काढा, आलीच बोट.

बोट थांबली. घटकाभर तिथंच हलत राहिली, आमच्याकडं तोंड करून. मग वळली आणि गेली.

 गौराक्कानं घागर उपडी केली आणि तिच्यावर बसली.

नऊ तारखेला उजाडताना तात्या गेला. मी त्याच्या उशाशी होते. रात्रभर त्याचा श्वास भात्यासारखा चालला होता, मग भाता हलायचा थांबला. डॉक्टर लांब नव्हता. पाण्यापलीकडं, सात किलोमीटरवर. दवाखान्यात नेला असता तर माणूस वाचला असता की नाही, ते मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. ते माहीत करून घ्यायची संधी आम्हाला मिळाली नाही, एवढं दोघांनाही माहीत आहे.

आता लाकूड नव्हतं. ज्या माणसानं वीस वर्षं सगळ्या गावाला कोरडं सरण दिलं, त्याला द्यायला चार काटक्या नव्हत्या. बोटीची वाट बघू म्हणावं तर दिवसावर दिवस चाललेले. लोक एका मंडपात, पोरं, बाळंतीण, आणि मधे मढं. दुपारपर्यंत थांबलो. मग गड्यांनी माळावरची बाभळ तोडली. कुऱ्हाड मारली की पाणी उडत होतं.

बाप्ये म्हणाले, बाईनं येऊ नये. जिन्नाप्पा म्हणाला, तात्यानं तिला सांगितलंय, मी ऐकलंय. कुणी आडवं आलं नाही.

मी माझी सगळी विद्या लावली, साहेब. साल सोलली, आतलं खोड चिरलं, बारीक ढलप्या काढून पोटाशी धरून वाळवल्या. चुलवणात राहिलेले चिंचेचे निखारे पाटीत भरून आणले. त्याचे त्याला एवढे तरी पोचले. उरलेलं तेल ओतलं. काथ्या घातला. गाल जमिनीला टेकवून फुंकलं. फुंकून फुंकून डोळ्यांपुढं काजवे आले. लाकडातून फेस यायचा, सूं करून आवाज यायचा आणि विझायचं. पुन्हा फुंकायची. पुन्हा विझायचं. नुसता धूर, पिवळा, कडू. केराची चूल धुपत होती आणि तिच्यावर तात्या होता. खालून काळा पडत होता आणि जळत नव्हता.

तीन तास झाले. लोक माझ्याकडं बघत होते, सहा तारखेला बघत होते तसेच. मग त्यांची नजर मंडपाच्या पत्र्यावर गेली. कुणी तोंडानं म्हणालं नाही. कुणाची छातीच झाली नाही. सगळ्यांना तात्याची बायको ठाऊक होती.

टायरं मी काढायला लावली. मी म्हटलं, काढा. दोन पोरं वर चढली, टायरं खाली टाकली, ती गडगडत आली. मी ती माझ्या हातानं तात्याच्या अंगावर ठेवली. एक छातीवर, एक पायांवर. आणि म्हटलं, तात्या, हे कुणाच्या घरचं न्हाई. माफ करा.

रबरानं पेट घेतला. काळा धूर, असा की देऊळ दिसेना. तेवढ्यात गौराक्का ओरडली, बोट, बोट. पाण्यावर तोच नारिंगी ठिपका. मी मान वर केली नाही. धुराकडंच बघत होते. मागून लोकांची हाक ऐकू येत होती, मग हाक थांबली. मला कळलं की बोट वळली. का वळली, ते नाही कळलं.

दहा तारखेला सकाळी सगळं विझलं होतं. माळावर कुठंच धूर नव्हता. चुलवण थंड, सरण थंड. भात शिजवायला काही नव्हतं, तांदूळ तसेच चावत होतो. आणि दहा वाजायच्या आत बोट आली. सरळ, न थांबता, काठाला लागली.

तिच्यातून एक पोरगा उतरला, अंगात फुगीर जाकीट, चांगला होता बोलायला. बिस्किटांचे पुडे देत होता. जिन्नाप्पानं त्याला विचारलं की परवा येऊन मागं का गेलात, कालही का गेलात?

तो म्हणाला, "अहो, परवा तुमचा धूर दिसला. कालही दिसला. वरून सांगितलं होतं, जिथं धूर आहे तिथं स्वयंपाक चाललाय, माणसं ठीक आहेत, आधी दुसरी गावं घ्या. आज धूर दिसला नाही, म्हणून म्हटलं, इथं काहीतरी झालं असणार."

तो पुडा माझ्या हातात देत होता. मी घेतला नाही. माझे हात तेलानं आणि काजळीनं काळे होते, त्याला वाटलं त्यामुळं. त्यानं पुडा माझ्या ओच्यात ठेवला.

म्हणजे सहा तारखेला मी चूल पेटवलीच नसती, तर सात तारखेला हेलिकॉप्टरवाल्यांना वरून जाळ दिसला नसता आणि बोट आली असती. लेकरू तोवर टिकलं असतं का? कुणास ठाऊक. तात्या टिकला असता का? आठला मी धूर केला नसता तर? हे मी अकरा वर्षं ढवळतेय. ते लेकरू आता शाळेत जातं, आस्मा त्याला माझ्याकडं पाठवते, मी त्याला भाकरी देते. उन्हाळ्यात मी घरटी लाकूड गोळा करते. तात्याच्या नावाचं चिंचेचं एक जास्तीचं ठेवते, ते कुणाला देत नाही.

लग्नाची कामं अजून करते. चुलवण लावते. काथ्या, करवंटी, ढलप्या. पहिला घटकाभर पांढरा धूर निघतो ना, तेवढा वेळ माझा श्वास आत अडकतो आणि पलीकडून कोणीतरी खोकतं, रिकाम्या डब्यासारखं. मग जाळ उभा राहतो, स्वच्छ. आणि मला अजूनही आनंद होतो. त्या आनंदाचं काय करायचं, हे मला कोणी सांगितलेलं नाही. पण तो माझा जाच आहे, माझा मी बघीन.

तुमचा कागद जिन्नाप्पानं दोन वर्षं अर्ज करून करून मिळवला. त्याची झेरॉक्स माझ्यापुढं आहे. आता ती ओळ वाचते. "दिनांक ९ रोजी दुपारी पाहणी केली असता सदर ठिकाणाहून धूर निघत असल्याचे दिसून आले. ग्रामस्थांचा स्वयंपाक सुरू असून तातडीच्या मदतीची आवश्यकता आढळली नाही."

तो धूर माझा होता, साहेब. काळा होता. तुम्ही बोटीत होता की कचेरीत होता, मला माहीत नाही. पण तुम्ही स्वतःच्या हातानं लिहिलंय की स्वयंपाक सुरू होता. मग आता हेही लिहून द्या. सही-शिक्क्यानिशी द्या, मी वाट बघते.

त्या दिवशी काय शिजत होतं?